जहाजाआधीची विहीर

जहाजावरचे तीन दिवस मला फारसे आठवत नाहीत. मुंबईहून गोव्यापर्यंत पाणी आणि गोव्याहून मुंबईपर्यंत तेच पाणी. आठवतात ते त्याच्या आधीचे पाच रविवार. लहानपणाबद्दल लिहायला बसलो तेव्हा शाळा, गावातला ओटा, दहावीचा निकाल, नोकरीचा पहिला दिवस असं सगळं लिहून झालं आणि मग लक्षात आलं, की एक गोष्ट राहून गेली आहे. ती सुरू झाली मी सात वर्षांचा असताना आणि संपली तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांचा होतो, डोक्यावरचे निम्मे केस गेले होते आणि घरात साडेचार वर्षांची मुलगी होती. मोठं व्हायला एवढा वेळ लागतो का, असं कुणी विचारलं तर मी माझ्यापुरतं बत्तीस वर्षं असं उत्तर देईन. इतरांचं मला माहीत नाही.

मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरीला आहे. आमच्या कामात कुणाच्या शब्दावर जायचं नसतं. धुरा, म्हणजे शेताचा बांध, दरवर्षी नांगराच्या एकेका सरीनं सरकतो. हद्दीचा दगड आपल्या पायांनी चालत शेजाऱ्याच्या वावरात जातो. दोन सख्खे भाऊ एकाच बाभळीकडे बोट दाखवून दोन वेगळ्या शपथा घेतात आणि दोघंही रडतात. म्हणून आम्ही रेघ जाताना मोजतो आणि परत येतानाही मोजतो. दोन्ही आकडे जुळले तरच कागदावर घेतो. ही सवय संध्याकाळी चपलांबरोबर दाराशी काढून ठेवता येत नाही. खामगावातल्या आमच्या घरी दूध मापानं येतं आणि ते माप माझं असतं. वंदना, माझी बायको, अजून सगळ्यांना सांगते की लग्न ठरलं तेव्हा मी तिच्या वयाची खात्री शाळेच्या दाखल्यावरून केली होती. तिची तक्रार खोटी नाही. दाखल्यावर एक वर्ष जास्त निघालं होतं, हे मात्र ती सांगत नाही.

जहाजाचं खूळ वंदनाच्या भावाचं. पंकज ठाण्याला असतो. त्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो आणि वंदनानं फोन माझ्या ताटाशेजारी आवाज मोठा करून ठेवला.

"जिजाजी, फक्त हो म्हणा. दिवाळीनंतर तीन दिवस. आमचं कुटुंब अन् तुमचं कुटुंब. अकरा मजली जहाज आहे."

"पाण्याच्या वर अकरा, की खालचे धरून अकरा?"

मग पंकज म्हणाला, "ताई, यांना तूच सांग बाई."

पंकजनं पाठवलेलं माहितीपत्रक मी तीन वेळा वाचलं. पहिला संशय चित्रांचा आला. भोजनगृहात हसणारी बाई, गच्चीवर हसणारी बाई आणि खोलीत हसणारी बाई ही एकच बाई होती. एवढं मोठं जहाज आणि त्यांना हसायला दुसरं माणूस मिळालं नाही? दुसरा संशय असा, की जहाजाच्या छतावर पोहायचा तलाव होता. चारही बाजूंनी समुद्र असताना डोक्यावर आणखी पाणी कशाला वाहून न्यायचं, ते मला आजही समजलेलं नाही. तिसरा प्रश्न विचारायला मी पत्रकावरच्या नंबरवर फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात बोलली.

"जीव वाचवायच्या होड्या किती आहेत?" मी विचारलं.

"सर, पुरेशा आहेत."

"पुरेशा हा आकडा नाही. आकडा सांगा."

"सर, आपलं जहाज अगदी सुरक्षित आहे. ते बुडत नाही."

"मग होड्या कशाला ठेवल्या?"

तिनं मला साहेबांशी जोडून देते म्हणून सांगितलं आणि एक धून लावून ठेवली. ती धून मी सहा मिनिटं ऐकली. त्या साहेबांनीही आकडा सांगितला नाही, पण लहान मुलांच्या मापाची जाकिटं असतात एवढं कबूल केलं. त्या रात्री मी वंदनाला माझी अट सांगितली. आमची मुलगी ओवी दोन मिनिटं, घड्याळ लावून, पाण्यावर तरंगली पाहिजे. तरंगली तर जहाज, नाही तर पंकजला आपली नावं काढायला सांगायचं. नावं काढायची शेवटची तारीख दसऱ्यानंतरची होती.

"दोन मिनिटंच काऊन?" वंदनानं विचारलं.

"तेवढ्यात कुणीतरी येतं," मी म्हणालो.

हे मी कशावरून म्हणालो ते तिला ठाऊक होतं. वाचणाऱ्याला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. पिंपळगाव राजाला आमचं शेत आहे, गावापासून तीन किलोमीटरवर, आणि शेतात गोल दगडी विहीर आहे. तिला चौदा पायऱ्या. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवायची एकच रीत होती. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याचं तोंड डांबरानं बुजवायचं, तो पोराच्या पाठीला दोरीनं बांधायचा आणि पोराला विहिरीत टाकायचं. डबा तरंगतो, डब्याबरोबर पोर तरंगतं, चार दिवसांनी डबा सोडायचा. गावातली सगळी पोरं अशीच शिकली. मी सात वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी मला सहाव्या पायरीवरून टाकलं. दोरी सैल होती. डबा वर राहिला आणि मी खाली गेलो. मला तेव्हा नुकतेच शंभरपर्यंत आकडे पाठ झाले होते आणि मी ते कुठंही म्हणत असे, म्हणून पाण्याखालीही मी मोजत होतो. वर हिरवा उजेड होता आणि उजेडात पायरीवर बाबांचे दोन पाय होते. सतरा म्हणेपर्यंत ते पाय हलले नाहीत. सतराला शेजारच्या वावरातल्या नामदेवकाकांनी माझे केस धरले. घरी आल्यावर बाबा मायला म्हणाले, "काई झालं नाई, जरासं पानी पेलं." मायनं उकडपेंडी करून माझ्यासमोर ठेवली, वर चमचाभर जास्तीचं तेल घातलं आणि मी खाऊन संपवेपर्यंत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्यानंतर त्या गोष्टीचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही. मीही नाही, लग्नानंतर एकदा वंदनाला सांगितलं तेवढंच. पण माझा बाप सतरा मोजेपर्यंत मला बुडताना पाहत उभा होता, हे मी जाताना-येताना बत्तीस वर्षं मोजत होतो आणि आकडा दर वेळी तोच येत होता.

तर अट मी घातली, आणि ती पुरी करायचे मार्गही मीच एकेक करून बंद केले. हॉटेलातल्या तलावावर गेलो तर शिकवणारा माणूस तेवीस मुलांवर एकटा होता. दुसऱ्या ठिकाणी पाणी एवढं हिरवं, की तळ दिसेना. जिथं तळ दिसत नाही तिथं किती खोल हे कुणाला विचारायचं? वंदना म्हणाली, "आबाजींच्या विहिरीवर?" ओवी माझ्या वडिलांना आबाजी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो होतो. मी ताट सरकवून उठलो. ओवीनं त्या विहिरीच्या पन्नास पावलांत जायचं नाही, हा माझा नियम ती चालायला लागली तेव्हापासूनचा होता.

"अट तुमची," वंदना भांडी घासता घासता म्हणाली, "अन् कुलपंही तुमचीच. पंकजला सरळ नाही तरी म्हणा."

मी पंकजला नाही म्हणालो नाही. याचं कारण ओवीनं जहाजाचं चित्र काढून फ्रीजवर लावलं होतं. त्यात चार खिडक्या होत्या आणि तीन माणसं. चौथ्या खिडकीत कोण, असं विचारलं तर "तिथं जहाज राहते" म्हणाली.

त्या दिवसांत कचेरीत नकाशे साचले होते आणि मी रविवारीही जात होतो. वंदना ओवीला स्कूटरवर घेऊन पिंपळगावला आजी-आजोबांकडे जायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. येताना माय काय काय द्यायची. अंबाडीची भाजी, धुऱ्यावरची वाळकं, तिळाची चटणी. पहिल्या रविवारी मला काही वाटलं नाही. दुसऱ्या रविवारी ओवीनं सव्वा भाकरी खाल्ली. ही मुलगी पाव भाकरीला तासभर लावायची. आणि त्या रात्री जेवतानाच झोपली. मी तिला उचललं तर वेणीच्या मुळाशी केस ओले होते.

"पाऊस होता का पिंपळगावला?"

"नाही," वंदना म्हणाली. "आंघोळ घातली मायनं."

माय दुपारी आंघोळ घालत नाही. तिच्या हिशेबी दुपारच्या आंघोळीनं सर्दी होते. तिसऱ्या रविवारी फ्रॉकला वास होता. थंड दगडाचा आणि शेवाळाचा तो वास मी सात वर्षांचा असल्यापासून ओळखतो. आणि फ्रॉक काढताना दिसलं, की तिच्या काखेखालून छातीवर एक लाल वळ आडवा गेला होता. मी माझं बोट त्यावर ठेवून पाहिलं. बरोबर एक बोट रुंद, दोन्ही बाजूंना सारखा. दोरीचा.

"ओवी, हे काय झालं?"

"खेळताना," ओवी म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगायचं नाही म्हणलं."

"कुणी म्हणलं?"

"सांगायचं नाही ते पण सांगायचं नाही."

मी वंदनाला विचारू शकलो असतो. आज मला वाटतं विचारायला हवं होतं. पण ज्याच्यावर संशय आहे त्याला विचारून उत्तर मिळत नाही, हे मी वीस वर्षांच्या नोकरीत शिकलो होतो. म्हणून चौथ्या रविवारी ती निघण्याआधी मी स्कूटरवरचा किलोमीटरचा आकडा लिहून घेतला. आमच्या दारापासून पिंपळगावच्या घराच्या दारापर्यंत जाऊन-येऊन चव्वेचाळीस होतात. ती परत आल्यावर मी हवा तपासायच्या निमित्तानं खाली गेलो. पन्नास. सहा किलोमीटर जास्त. तीन विहिरीपर्यंत जायचे आणि तीन यायचे. त्या सहा किलोमीटरांत दुसरं काही बसत नव्हतं.

तो आठवडा मी घरात नीट बोललो नाही. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, सहावी पायरी, आणि वरून टाकणारे तेच दोन हात. वंदना मला चहा द्यायची तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहायचो आणि विचार करायचो, ही किती सहज खोटं बोलते. फ्रीजवरचं चित्र मी एकदा काढून ठेवलं आणि ओवी रडली म्हणून परत लावलं. धुऱ्याचं भांडण कचेरीत बसून सुटत नाही, जागेवर जावं लागतं. पाचव्या रविवारी मी कचेरीत जातो सांगून निघालो, स्टँडजवळच्या टपरीवर एक तास बसलो आणि मग मोटारसायकल पिंपळगावच्या रस्त्याला घातली.

गाडी मी नाल्याशी लावली आणि तुरीतून चालत गेलो. तूर कमरेच्या वर आली होती. लांब कुणाच्या तरी वावरात सोयाबीन काढायची मशीन घरघरत होती, ती थांबली की मधेच एक आवाज यायचा. विहिरीत माणूस हसलं की आवाज गोल फिरून वर येतो. तसं माझी मुलगी हसत होती. मी बाभळीच्या आड उभा राहिलो.

पावसाळा नुकताच सरला होता. चौदापैकी पाच पायऱ्या वर होत्या आणि नऊ पाण्यात. आबाजी पाण्यातल्या दुसऱ्या की तिसऱ्या पायरीवर छातीपर्यंत बुडून उभे होते. अंगात बंडी, कमरेला जाड दोर. तो दोर वर येऊन काठावरच्या दुसऱ्या बाभळीच्या बुंध्याला एक वेढा घेऊन मायच्या हातात गेला होता. माय दोन्ही पाय रोवून बसली होती. वंदना साडी खोचून कोरड्या पायरीवर होती. आणि ओवीच्या काखेत पाच-पाच लिटरचे दोन रिकामे कॅन बांधले होते, तिच्या पोटाखाली आबाजींचे दोन तळवे.

"सोडू काय?" आबाजी म्हणाले.

"नको."

"बरं. नाई सोडत."

थोडं पाणी हललं.

"आता?"

"एक हात सोडा."

"कोनता?"

"तो म्हातारा."

"दोनही म्हातारेच हायेत माय," आबाजी म्हणाले आणि वर माय तोंडाला पदर लावून हसली.

हे सगळं मी पाहिलं. कुणी शहाणा माणूस असता तर तिथंच थांबला असता, निदान आणखी पाच मिनिटं पाहिलं असतं. मला फक्त हात दिसत होते. यांनी आता सोडलं तर, एवढंच दिसत होतं. मी बाभळीआडून पुढं आलो आणि जेवढा आवाज माझ्यात आहे तेवढ्यानं ओरडलो, "ओवी! बाहेर निघ!"

आबाजींनी दचकून वर पाहिलं, वळले, आणि त्यांचा पाय शेवाळावरून गेला. आवाजसुद्धा झाला नाही. पाण्यावर बंडीचा पांढरा फुगा आला आणि तोही खाली गेला. दोर ताणला, माय बसल्या जागेवरून दोन हात पुढं ओढली गेली, "वंदे, धर वं!" म्हणून ओरडली. वंदना दोराला लोंबकळली. ओवी विहिरीच्या मधोमध दोन कॅनवर एकटी.

मी काठावर होतो. पाच पायऱ्या उतरलो असतो तर आबाजींपर्यंत हात पोचला असता. मी मोजलं. एक, दोन, तीन. माझे पाय माझे नव्हते. मी त्यांना उतरा म्हणत होतो आणि ते ऐकत नव्हते. नऊपर्यंत मोजलं तेव्हा आबाजींचं डोकं वर आलं. तोंड उघडं, डोळे मिटलेले, हात पाण्यावर नुसते आपटत होते, एकामागून एक, कसेही. पोहता येणारा माणूस असा हात मारत नाही. वंदना आणि माय दोघींनी ओढून त्यांना पायरीवर टेकवलं, आणि ते पायरीला मिठी मारून खोकू लागले.

"पप्पा, ओरडू नका ना!" ओवी विहिरीच्या मधून माझ्यावर रागावली. ती पाय मारत होती आणि गोल फिरत होती. "तुमच्यानं आबाजी पडले!"

हे लिहिताना मी ओवीला विचारलं, तुला यातलं काय आठवतं? ती आता सातवीत आहे. तिला फक्त आबाजींच्या मिशीतून पाणी गळत होतं तेवढं आठवतं. बुडण्याचं काही नाही.

सगळे वर आले. मायनं तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला. तिच्या तळहाताची साल निघाली होती आणि ती ते हात पदराखाली लपवत होती. आबाजी टॉवेल पांघरून पंपाच्या मोटारीच्या खोलीच्या ओट्यावर बसले होते. मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"मले पोहता येत नाई."

मला वाटलं चुकून बोलले. "विहीर आपली आहे," मी म्हणालो. "जन्मभर या विहिरीवर..."

"तुह्याजवळ मोजाची मशीन हाय. म्हनून जमीन तुही हाय काय?"

वंदना गालात हसली. मला हसू आलं नाही. "तवा येत होतं?" मी विचारलं. माझी भाषा आपोआप तिथली झाली होती.

"तवाही नाई."

"मंग मले काऊन टाकलं?"

त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "सगळ्याईचे बाप टाकत होते. मी नाई टाकलं असतं तं लोकं म्हनले असते, याले सोताले येत नाई म्हनून भेते. तेच खरं होतं. तू खाली गेला अन् माहे पाय गेले. हालेच ना. मी म्हनलं उडी मार, उडी मार... नाई झालं." मग थोडं थांबून म्हणाले, "तू वर पाहून राह्यला होता. डोये उघडे होते तुहे. मले दिसत होते."

"इतके वर्षं सांगितलं नाई."

"तू इचारलं कवा बे?"

मी विचारलं नव्हतं. पण माझा स्वभाव मेलेला नव्हता. ही गोष्ट आताच, मी पकडल्यावरच कशी निघाली? बत्तीस वर्षांनंतर बापाच्या सोयीची बाजू अशी तयार कशी सापडते? मी मायकडे गेलो. ती चुलीतली लाकडं ओढत होती. तिला हळूच विचारलं, बाबांनी त्या दिवशी नामदेवकाकांना हाक मारली होती का.

"मारली नं," ती म्हणाली. "लय मोठी मारली. म्या घरून आयकली."

घर तिथून तीन किलोमीटर. एवढ्या लांबून कुणाचीही हाक ऐकू येत नाही, वारा कोणताही असो. मी मायकडे पाहिलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिनं चुलीत फुंकर घातली. मी तिला अंतर सांगितलं नाही. आज आबाजी बुडताना मी काय करत होतो, असं वंदनाला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही लगेच दोन पायऱ्या उतरले होते की. मी पाहिलं." माझ्या चपला कोरड्या होत्या आणि त्यांना शेवाळ लागलेलं नव्हतं. तिलाही मी काही म्हणालो नाही.

"माझ्याशी खोटं का बोललीस?" एवढंच विचारलं.

"खरं बोलले असते तर आलो असतो का आपण इथं?" ती म्हणाली. "आबाजींनाच म्हणलं होतं मी, की मीच उतरते, मला थोडंफार येतं. तर म्हणे नाही. म्हणे माह्या हातानं झालं होतं, माह्याच हातानं होऊ दे. पहिल्या रविवारी ते एका पायरीवर उतरले अन् वर आले. दुसऱ्या रविवारी दोन. ओवीपेक्षा त्यांनाच जास्त दिवस लागले."

आता आवरून घरी जायचं, असं मी म्हणणार होतो. पण ओवी कॅन काढू देईना. आज दोन मिनिटं करायची असं तिला कबूल केलं होतं, आणि ते आबाजींबरोबरच करायचं होतं. "मम्मी नको. मम्मी आधीच सोडून देते." आबाजी उठले. मी म्हणालो, राहू द्या, पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारपर्यंत दसरा होऊन जाणार होता आणि नावं काढायची तारीखही. ते सगळ्यांनाच माहीत होतं.

"घड्याळ लाव," आबाजी वंदनाला म्हणाले आणि दोर कमरेला बांधू लागले. गाठ बसेना. मी पुढं होऊन गाठ मारली, ओढून पाहिली, सोडून पुन्हा मारली. त्यांच्या पोटाची कातडी थंड होती. मोठा झाल्यावर मी त्यांना एवढ्या जवळून कधी हात लावला होता, ते मला आठवेना.

माय दोराकडे वळली. तिच्या हातांकडे पाहून मी दोर घेतला. बुंध्याला दोन वेढे दिले, पाय रोवले. ओवी सोळा किलोची होती, आबाजी छप्पन्नच्या आसपास. दोघांचे मिळून बहात्तर, एवढं मला पेलतं. पण ते पाण्यात उतरले तसा दोर ढिला पडला, हाताला काही म्हणता काही वजन लागेना, आणि तरी माझे खांदे दुखेपर्यंत मी तो आवळून धरला.

आबाजी तिसऱ्या पायरीवर थांबले. पाणी छातीशी आलं होतं. ओवी त्यांच्या तळव्यांवर आडवी झाली. त्यांनी मान वळवून वर पाहिलं, आधी मायच्या जागेकडे, मग माझ्याकडे.

"धरलं काय बे?"

"धरलं."

"मी भेऊन राह्यलो," ते म्हणाले. ओवीसमोर, सुनेसमोर, मोठ्यानं.

"हाव," मी म्हणालो. "मीही."